डाव्या कानावरचा हात

प्रिय बाईसाहेब,

हे नाव वाचून कपाळाला आठ्या घालू नकोस. ऑफिसात तुला सगळ्यांत आधी बाईसाहेब म्हणाले ती मीच. हेडफोन कानाला लावण्याआधी तू तो रुमालाने असा घासून पुसायचीस, जणू आधीच्या पाळीतल्या सगळ्यांना खरूज झाली होती. आता म्हणे शिपायापासून सगळेच तुला बाईसाहेब म्हणतात आणि कुणाला हसूही येत नाही. केबिन मिळाली, पडदे लागले, टेबलावर काच आली, सगळं कळलं मला. अभिनंदन करायला हवं, पण लिहायला हात धजत नाही.

माझं बरं चाललंय. नोकरी सोडल्यावर बरेच दिवस घरात भिंतींकडे बघत बसले, मग एका कुरियर कंपनीच्या तक्रार विभागात लागले. काम ऐकशील तर हसशील. गिऱ्हाइकांचे रेकॉर्ड केलेले फोन ऐकायचे आणि आपली पोरं त्यांच्याशी नीट बोलतात का ते लिहून द्यायचं. फरक एवढाच, की इथे माणसं हरवलेल्या पार्सलांवरून रडतात. आई म्हणते, तुझ्या नशिबात दुसऱ्यांची बोलणी ऐकणंच आहे, कधी कुणाशी स्वतः बोलशील तर लग्न जमेल. परवा तिने तुझी चौकशी केली. ती हल्ली येत का नाही, म्हणाली. मी म्हटलं, मोठी झाली ती, वेळ नसतो तिला. आईने हातातला पेपर घडी करून बाजूला ठेवला. तिला पेपर वाचता येतो, हे मी विसरलेच होते.

संशयितांचे फोन चोरून ऐकायची आपली ती तळमजल्यावरची खोली आठवते? खिडक्यांच्या काचांना आतून करडा रंग फासलेला, गळका एसी आणि त्याच्याखाली ती बादली. साहेबांची बेल ऐकू यावी म्हणून आपण सगळे उजवा कान उघडा ठेवायचो. आणि आपल्याला नेमून दिलेला माणूस फोनवर बोलायला लागला, की डावा हेडफोन तळहाताने कानावर दाबून धरायचो. शेजारच्याने तेवढ्यावरून ओळखायचं आणि तोंड बंद ठेवायचं. कुणी शिकवलं नव्हतं हे, आपोआप लागलेली सवय. मला अजून आहे. घरी टीव्हीवर ओळखीचा आवाज आला तरी हात कानाकडे जातो आणि भाचरं खो खो हसतात.

आपण दोघी ज्याचा फोन ऐकायचो, त्या माणसाचं जावईबापू हे नाव तुझंच. फाईलवर त्याचा नुसता नंबर होता, पण तो सासूशी इतकं गोड बोलायचा, की तू म्हणालीस, असा जावई मिळाला तर मी माझी होणारी सासूही त्याला देऊन टाकीन. गुडघ्यांना कुठलं तेल लावा, जिना हळू उतरा, औषध जेवणानंतर घ्या. ऐकता ऐकता आपल्याला त्याचा लळाच लागला होता, खोटं कशाला बोलू? बोलण्याआधी तो घसा खाकरायचा आणि शेवटच्या शब्दावर जरा रेंगाळायचा. मग त्या आठवड्यात त्याने सासूला निक्षून सांगितलं, शनिवारी घराबाहेर पडायचं नाही, बस स्थानकाकडे तर मुळीच फिरकायचं नाही. कारण विचारलं तर रागावला. सासूवर तो पहिल्यांदाच चिडला होता. तू आणि मी एकमेकींकडे पाहिलं. बोलणं मी उतरवून काढलं, तू पुन्हा ऐकून तपासलंस, दोघींनी सह्या केल्या. तू त्याच्यावर लाल पेनने 'तातडीचे' असं लिहिलंस. साहेबांकडून कागद परत आला, त्यावर दोन शब्द: 'फाईलला लावा'. आपण तो तुझ्या मामांच्या रेकॉर्ड रूममध्ये नेऊन दिला.

शनिवारी बस स्थानकात स्फोट होऊन काय झालं ते मी तुला सांगायला नको. आपण दोघी ऑफिसच्या बाथरूममध्ये उभ्या होतो आणि तू नळ सोडून ठेवला होतास, रडणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. त्या दिवशी तू माझा हात धरून म्हणाली होतीस, आपण लिहिलं होतं गं, आपण लिहून दिलं होतं. तेवढाच आपला आधार होता. पुढच्या आठवड्यात मी तो कागद बघायला रेकॉर्ड रूममध्ये गेले, तर त्या नंबरचा कप्पा रिकामा. टेप नाहीत, उतारे नाहीत, काही नाही. कप्पा ओल्या फडक्याने पुसलेलासुद्धा होता. इतकी स्वच्छता त्या ऑफिसात मी आयुष्यात पाहिली नव्हती.

पुढचं तू केबिनमधून पाहिलंस आणि मी नोकरी सोडून बाहेरून. ऑफिसला आधीच माहीत होतं असे पेपरात आरोप झाले, चौकशी समिती बसली. साहेबांनी सांगितलं, अशा कुठल्या माणसाची माहिती आमच्याकडे नव्हतीच. मग नव्हतीच म्हणणं अंगाशी येतंय असं दिसल्यावर सूर बदलला. असेलही काही किरकोळ, पण ते रेकॉर्ड कीपरने जुने कागद समजून डोळ्यांच्या ऑपरेशनच्या रजेवर जाण्याआधी नष्ट केलं असावं. रेकॉर्ड कीपर म्हणजे तुझे मामा. ज्यांनी रद्दीत निघालेलं कॅलेंडरसुद्धा कधी फेकलं नाही, ते मामा. तुझी आई गेल्यावर तुझी वेणी घालायला शेजारणीकडून शिकले, ते मामा. आता त्यांच्यावर पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा दाखल होणार आहे आणि या वयात ते तुरुंगात जाणार आहेत.

तुझी साक्ष झाली त्या दिवशी मी मागच्या रांगेत बसले होते. तू पाहिलं नसशील, किंवा पाहिलंही असशील. समितीच्या अध्यक्षांनी जावईबापूने स्फोटानंतर जबाबदारी घेत पाठवलेली ती ध्वनिफीत लावायला सांगितली. आधी घसा खाकरल्याचा आवाज आला, मग तो बोलायला लागला. तुला विचारलं, हा आवाज पूर्वी कधी ऐकलाय का? तू अगदी शांतपणे म्हणालीस, नाही, कधीच नाही. आणि बाईसाहेब, तुझा तळहात तुझ्या डाव्या कानावर घट्ट दाबलेला होता. वकिलांना काही कळलं नाही, त्यांना वाटलं, आवाज मोठा आहे. मला कळलं. मी मामांकडे पाहिलं, तर ते मान खाली घालून चष्म्याची काच पुसत होते. त्यांनाही कळलं होतं. वर्षानुवर्षं ते आपल्या खोलीच्या दारात फाईली घेऊन आपले हात खाली यायची वाट बघत उभे राहिले होते.

आणि रेकॉर्ड रूमची किल्ली. स्फोटानंतर, ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी मामांच्या घरी गेले होते, हे तुझ्या लक्षात असेलच, चहा तूच केला होतास. रजेवर जाताना किल्ली ड्यूटी ऑफिसरकडे द्यायचा नियम. पण तो ऑफिसर नवा आणि धांदरट, म्हणून मामांनी ती तुझ्या हातात ठेवली. म्हणाले, घरच्या माणसाकडे राहू दे. तू ती पर्समध्ये टाकलीस. पुढे साहेबांनी मागितली असेल आणि तू दिली असशील. त्याचा मला राग नाही. समोर साहेब उभे असताना मीही कदाचित दिली असती. राग आहे तो त्या 'कधीच नाही'चा. तो शब्द तू मामांच्या समोर, त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर बसून उच्चारलास. इतकी निर्लज्ज तू कधी झालीस गं?

काल मी मामांकडे जाऊन आले. सोमवारी माझी साक्ष आहे. कागद होते एवढंच सांग, म्हणाले, किल्लीचं नाव काढायचं नाही. त्यांच्या वकिलाने समोरच डोक्याला हात लावला. कागद होते हे सिद्ध झालं आणि किल्ली तुमच्याकडेच होती असं राहिलं, तर हिची साक्षच तुम्हाला तुरुंगात पोचवेल, असं त्याने स्पष्ट सांगितलं. मामा ऐकेनात. पोर एकटी आहे, नोकरी गेली तर तिला कोण विचारणार, माझं काय राहिलंय आता, हेच त्यांचं पालुपद. मला त्यांनी शपथ घ्यायला लावली. मी घेतली, आणि खाली रस्त्यावर येईपर्यंत ती मोडायचं ठरवलंही. सोमवारी मी किल्लीचं सांगणार आहे, तुझं नाव घेऊन. मामा त्यानंतर मला दारात उभं करणार नाहीत, हे मला माहीत आहे, आणि तुला मात्र जवळ घेतील, हेही माहीत आहे. सोमवारच्या आत तू स्वतः जाऊन खरं सांगितलंस, तर मला त्यांचा शब्द मोडावा लागणार नाही. तू जाणार नाहीस. तरी पत्र टाकतेय, कारण मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं, असं निदान या वेळी तुला म्हणता येऊ नये.

तुझीच,
सोमवारपर्यंत तरी