बोगनवेल नको, कामिनी

अहो,

तुम्ही फिरायला गेलात तेवढ्यात तुमची बाराही बोगनवेलीची रोपं गाडीत घालून मी नर्सरीत बदलायला निघालेय. आल्या आल्या डोक्यात राख घालून घेऊ नका! कुणी आत शिरू नये म्हणून तुम्ही काटेरी झाड निवडलंत, पण आता काटे नकोत. मी धरलेला कण्हेरीचा हट्टही सोडला, ती विषारी. कुंपणाला कामिनीच लावू. तीही चिवट आहे, फुलांना वास येतो, आणि कुणी मुठीत धरून ओरबाडली तरी बोटाला काही होत नाही.

ओरबाडणारी परवा येतेय! तुमची नात. वर्षाची झाली, दिसेल ते तोंडात घालते म्हणे. धाकटीचा फोन आला होता. आधी नुसती रडली, मग म्हणाली, "बाबा दारात उभं करतील ना गं?" मला इतका आनंद झाला की बोलून बसले, "तेच तुला फोन करतील."

खड्डे छान खणलेत, फक्त पाणी घालून ठेवा. चहा थर्मासमध्ये आहे. तिचा नंबर डायरीत आहे. तुम्ही खोडलात, तरी वाचता येतो.