विहिरीजवळचे वाफे विकू नयेत

मी, यशोदा दिवाकर चुरी, वय वर्षे अडुसष्ट, व्यवसाय बागायत आणि घरकाम, राहणार सांडोर, तालुका वसई, जिल्हा पालघर, आज पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या दबावाला किंवा गोड बोलण्याला न भुलता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. ती जरा कमी असती तर काही जणांना बरे वाटले असते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर माझ्या नावावर आहे. ते मुलगा कौस्तुभ आणि मुलगी रिद्धी यांना समान हिश्श्याने मिळावे. तो विरारला फ्लॅटमध्ये राहतो म्हणून त्याचा हक्क कमी होत नाही, आणि तिचे लग्न झाले म्हणून तिचाही होत नाही.

२. केळीची बाग कौस्तुभची. ठेवावी की विकावी, हे त्याने ठरवावे. विहिरीजवळचे भाजीचे वाफे मात्र रिद्धीचे. ते विकू नयेत आणि त्यांतली भाजीही विकू नये. वकील म्हणाले, ही अट कायद्यात टिकणार नाही. रिद्धीपाशी टिकेल.

कारण लिहिते. मी लग्न होऊन आले तेव्हा आमची वांगी, पडवळ, मुळा, पालेभाजी सगळी पहाटेच बाजाराला जायची. घरात सकाळी चहा-पाव, दुपारी भात आणि सुकी मासळी, संध्याकाळी फरसाण. चांगला माल आपणच खाणे सासऱ्यांना उधळपट्टी वाटे. पुढे माझ्या पतींना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला. तो केवळ खाण्यामुळे झाला असे मी म्हणणार नाही. त्यांच्या आईलाही तोच होता, आणि यांना दारूही होती. पण ताटातली चूक सुधारणे आपल्या हातात होते. ऑपरेशननंतर मी ते वाफे घरासाठी राखले.

३. माळ्यावरचे रस काढायचे यंत्र माझे दीर भावेश यांना द्यावे. चालू स्थितीत आहे.

यांची केमोथेरपी सुरू असताना कुणाचे तरी ऐकून भावोजींनी ते आणले. भात बंद, दूध बंद, मासे बंद. गाठीला उपाशी मारायचे, असे म्हणत. दिवसभर दुधीचा आणि गव्हांकुरांचा रस. यांचे वजन उतरत गेले, रक्त कमी झाले, आणि डॉक्टरांनी पुढचा डोस थांबवला. त्या दुपारी हे मला हळूच म्हणाले, “यशोदे, मला भात दे गं.”

शेजारची एलिसा तुस्कानो रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. तिला बोलावले. यांचे मनगट हातात धरून ती म्हणाली, “काकू, गाठीच्या आधी काकाच उपाशी मरतील. मऊ भात, वरण, अंडं, मासा, दही, जे पोटात राहील ते द्या. थोडं थोडं, पण देत राहा.”

मी भात लावला. तेवढ्यात भावोजी रसाचा ग्लास घेऊन दारात उभे. “वैनी, तू दादाला मारशील!”

“उपाशी मरताना बघण्यापेक्षा जेवू घालून बघते,” मी म्हटले.

ते ग्लास ठेवून गेले, ते आमच्या घरी पुन्हा आलेच नाहीत. यांच्या अंगात बळ आले, राहिलेले डोस पूर्ण झाले. रिद्धीचे लग्न लावून, नातवाला अंगाखांद्यावर खेळवून हे पुष्कळ पुढे हृदयविकाराने गेले. बरे औषधाने केले. जेवणाने औषध सोसायची ताकद दिली. माझे म्हणणे एवढेच आहे.

४. बँकेतील ठेवीतून आधी भावोजी, कौस्तुभ आणि रिद्धी यांची आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करावी. हा आजार घरातला आहे. लाजू नये. उरलेली रक्कम मुलांनी सारखी वाटून घ्यावी.

भावोजींवर माझा राग आहे, तो मी इथेच सोडते. आधी आई, मग भाऊ. घाबरलेला माणूस मिळेल ते धरतो.

५. पितळी पातेली सून क्षितिजाला. शोभेला मांडू नयेत, त्यांत शिजवावे. ती कामावरून दमून येते हे मला दिसते. म्हणून डाळ-भाजी कौस्तुभनेही करावी. डाळ शिजवायला बाईच लागते असे नाही.

६. माझ्या स्तनात गाठ सापडली आहे. वेळेवर तपासले म्हणून लहान असतानाच सापडली. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. उद्या कोणी म्हणेल, “एवढी भाजी खाऊन काय मिळालं?” त्याच्याशी भांडू नये. चांगल्या खाण्याने धोका कमी होतो, हमी मिळत नाही, हे एलिसाने मला आधीच सांगितले होते. आजारी माणसाला “तू काय खाल्लंस?” असे विचारून त्याच्यावर दोष ठेवू नये. माझ्यावरही ठेवू नये.

७. व्यवस्था पाहण्यासाठी मी रिद्धीला नेमते. एलिसा साक्षीदार असल्याने तिला काही देणे बरे दिसत नाही, नाहीतर दिले असते.

हे लिहीत असतानाच भावोजींचा फोन आला. इतक्या वर्षांनी. ऑपरेशनचे त्यांना रिद्धीकडून कळले होते. म्हणाले, “वैनी, ऑपरेशननंतर डबा मी आणीन. तुला काय चालतं, ते डॉक्टरांना विचारून सांग. मी तेवढंच आणीन.”

मी हो म्हटले आहे.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, तो माझ्या मनासारखा आहे, म्हणून खाली सही करते.

(सही) यशोदा दिवाकर चुरी

आमच्यासमोर सही केली :
१. एलिसा तुस्कानो, सांडोर
२. युजीन लोपीस, सांडोर

ठिकाण : वसई
दिनांक : १० फेब्रुवारी २०२५