शेवटचे तीन मिलिमीटर

७ ऑक्टो.
डोकं फिरलं आज. रामाकोन्याचे नामदेवभाऊ, लग्नाच्या बँडात क्लॅरनेट वाजवतात. डावीकडं खालची दाढ बसवायची, हाडात स्क्रू घालून. तिथूनच ओठाची नस जाते, म्हणून स्कॅन करून नागपूरहून गाईड, ड्रिलले वाट दाखवणारा प्लास्टिकचा साचा, छापून आणलं. त्याच्या कड्यातून ड्रिल घातलं का ठरलं तेवढंच खोल जाते. पण हे ड्रिल असते लांब, अन् भाऊचं तोंड उघडते दोन बोटं! वरच्या दातालेच अडकलं.
"खर्रा खाता का?"
"सोडला मॅडम."
खिशातून तंबाखू-सुपारीची पन्नी डोकावून राहिली होती. त्यानंच तोंड आखडते.

८ ऑक्टो.
गाढव मीच. जबडा मिलिमीटरात मोजला, तोंड नाही मोजलं.

१५ ऑक्टो.
कंपनीवाल्याले आखूड ड्रिल मागितले होते. "निघाले मॅडम, निघाले" करत आज पार्सल आलं. जाडी कमी, कड्यात डुगडुगते. अरे देवा! परत पाठवलं.

२६ ऑक्टो.
भाऊले आइसक्रीमच्या काड्या दिल्या होत्या, दातांत धरून रोज तोंड ताणायले. आज आले. तोंडात मावणाऱ्या काड्या वाढल्या, खर्राही चालूच. लय ओरडली मी. माझी असिस्टंट वनिता मास्कमागं हसून राहिली.
"आता लग्नाचा सीझन लागते मॅडम, मंग फुरसत नाही. बिना गाईडचंच मारा ना," भाऊ म्हणे.
"नस लागली तर ओठ मरते. क्लॅरनेट कोण वाजवन मंग? मी?"

४ नोव्हें.
केलं. बरोबर मापाचे आखूड ड्रिल परवा आले. गाईडमधून मस्त गेले, पण शेवटचे तीन मिमी पोचेनात. लांबवालं अजूनही अडकते. वनिता म्हणे, "मॅडम, आज थांबायचं का?" थांबायले पाहिजे होतं. महिनाभराचा वैताग डोक्यात. गाईड काढलं, हातानंच पूर्ण केलं. एक्स-रेत नसेच्या वर जागा दिसते. म्हणजे, दिसते.
सं. सातले भाऊचा फोन. "ओठ सुन्नच हाय." भुलीच्या सुईचं असन म्हटलं.

५ नोव्हें.
सकाळी मीच लावला फोन.
"चहा डाव्या कोपऱ्यातून सांडला मॅडम. घरचे पोट्टे हसले."
"खर्रा?"
"आईशप्पथ, नाही."
पहिल्यांदा खरं वाटलं. जखम ओली हाय, क्लॅरनेट तोंडाले लावून पाहू नका, म्हटलं.
"लावून पाहिलं," म्हणाले.
पुढं विचारायची हिंमत झाली नाही. आज दहाले बोलावलं हाय.