शुभंकराचा शब्द

।। श्री ।।

ख्राइस्टचर्च,
१२ मार्च २०२५

चि. स्नेहलता हीस अण्णाचे अनेक आशीर्वाद.

येथे सर्व क्षेम आहे. शार्दूल, सूनबाई सुमेधा आणि अबोली कामावर गेली आहेत. घरात मी एकटा आहे. तुझे गुडघे कसे आहेत? साताऱ्यात उन्हाळा लागला असेल. येथे पाने पिवळी पडू लागली आहेत आणि मार्च महिन्याला शरद म्हणताना माझी जीभ अजून कुरकुरते.

फोन सोडून पत्र का, असे तू विचारशील. फोनवर मराठी लिहू लागले की शब्द पुरा होण्याआधीच यंत्र तो सुधारून पुढे ठेवते. मला सुधारलेले पत्र पाठवायचे नाही. त्याचे कारण पुढे येईल.

आधी सहलीची हकीकत. गेल्या शनिवारी अबोलीने मला आपल्या मित्रमंडळींबरोबर किनाऱ्याच्या रस्त्याने उत्तरेकडे नेले. मंडळी दोनच. गंधार नाशिकहून येथे शिकायला आला आणि येथेच रमला, पूल बांधतो. निवेदिता पुण्याची, संगणकात काम करणारी. दोघांचे मराठी कामचलाऊ असले तरी जिवंत आहे. आपली अबोली पाचव्या वर्षी येथे आली. तिला सारे समजते, पण बोलताना तिची लिंगे आणि विभक्ती वाऱ्यावर असतात.

गाडीत बसताच गंधार म्हणाला, "आजोबा, तुम्ही आमचे मॅस्कॉट. तुम्ही असलात की ट्रिप सॉर्टेड."

"शुभंकर म्हणावे," मी म्हणालो.

"शुभंकर माझ्या मावसभावाचं नाव आहे. तो अजिबात लकी नाहीये."

तरीही त्याने एका पुठ्ठ्यावर तो शब्द लिहून माझ्या गळ्यात अडकवला. 'शू'ला दुसरा उकार दिला होता. मी खिशातले पेन काढून तो पहिला केला, तेव्हा तिघेही इतकी हसली की गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली. खोटे कशाला सांगू, मला बरे वाटले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला कोणी गळ्यात पाटी घालून मिरवावे, हे रोज होत नाही.

शुभंकराचे काम ठरले. प्रत्येक थांब्यावर तो समुद्राच्या एका वस्तूचे मराठी नाव सांगणार, निवेदिता त्याचे चित्रण करणार, आणि मग ती वस्तू दिवसभर कोणी इंग्रजीत उच्चारायची नाही. उच्चारली तर गाणे म्हणायचे. मी शेवाळ दिले, शिंपला दिला, कालवे दिली. खडकावर लोळणाऱ्या सीलला काय म्हणायचे, असे अबोलीने विचारले. "सीलच," मी म्हणालो. "शब्द उसना घेण्यात कमीपणा नाही, तो चुकीचा लिहिण्यात आहे." हे वाक्य त्यांना इतके आवडले की मला ते दोनदा म्हणायला लावले.

न्याहारीच्या थांब्यावर मी भरती आणि ओहोटी दिली. पाणी चढते ती भरती, उतरते ती ओहोटी. अबोलीने बोटांनी हवेत लाटा काढून ते पाठ केले.

रस्ता कसा आहे ते सांगतो. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला समुद्र, आणि मध्ये जेमतेम दोन गाड्या जातील एवढी वाट. जागोजागी डोंगराला जाळ्या घातलेल्या आहेत, कारण भूकंपात तो खाली आला होता. गंधार म्हणतो, येथे लोक जमिनीवर विश्वास ठेवून नव्हे, तिची सवय करून घेऊन राहतात. मला ते विनोदाने सांगितलेले आवडले नाही.

दुपारी आम्ही एका छोट्या किनाऱ्यावर थांबलो. तेथे काळ्या खडकाचा एक सपाट पट्टा आहे. तो पाणी उतरल्यावरच उघडा पडतो, आणि त्यावरून टोकाला वळसा घालून पलीकडच्या डबक्यांपर्यंत जाता येते. अबोली आणि गंधार तिकडे निघाली. निवेदिता गाडीपाशी चित्रण करीत राहिली. मी पाटी गळ्यात घालून वाहनतळाच्या फलकापाशी उभा राहिलो. त्या फलकावर पाण्याच्या वेळा लिहिलेल्या होत्या.

अर्ध्या वाटेवरून अबोली ओरडली, "आजोबा, बोर्ड बघा ना! आत्ता भरती का ओहोटी?"

मी फलक वाचला. घड्याळ पाहिले. पाणी चढू लागून बराच वेळ झाला होता. मला ते स्वच्छ कळले, स्नेहलता. मी उत्तर दिले. तिने हात हलवला आणि ती टोकाच्या दिशेने पुढे गेली.

मला राग आला. मी चांगले बजावून सांगितले आणि पोरगी ऐकत नाही! मी पुढे जाऊन पुन्हा ओरडलो. दोन्ही हात वर करून ओरडलो. गंधारने वळून अंगठा दाखवला. "स्वीट ॲज, आजोबा!" म्हणजे येथल्या पोरांच्या बोलीत, सारे झकास. मी जितका जोराने ओरडलो, तितकी ती दोघे निश्चिंत होत गेली. मघाशी ज्या खडकावर ती उभी होती, तो दिसेनासा झाला. मग त्याच्या अलीकडचा.

थोड्या अंतरावर एक दांडगा माओरी गृहस्थ गळ टाकून बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिले, पाण्याकडे पाहिले, गळ फेकला आणि धावत सुटला. कंबरभर पाण्यात शिरून त्याने हातांनी खुणा केल्या. तो काय ओरडत होता ते लाटांत ऐकू येत नव्हते, पण त्याचे हात कळत होते. एक लाट आली तेव्हा अबोली मला दिसलीच नाही. मग दिसली, गंधारने तिचे जाकीट मुठीत धरले होते.

ती बाहेर आली. गुडघा फुटला, एक बूट गेला, आणखी काही नाही. त्या गृहस्थाने तिच्या खांद्यांभोवती आपला टॉवेल गुंडाळला, माझ्या गळ्यातील पाटीकडे एकवार पाहिले, आणि तो गळ शोधायला गेला.

अबोली कापत माझ्यापाशी आली आणि मला म्हणाली, "सॉरी, आजोबा. तुम्ही एवढं ओरडत होतात आणि मी उलटंच समजले. सकाळचं मी चुकीचं लक्षात ठेवलं."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "असू दे," म्हणालो.

परतताना गंधारने वातावरण हलके करावे म्हणून निवेदिताच्या फोनवरचे चित्रण लावायला सांगितले. "आजोबा काय फॉर्ममध्ये होते, बघू तरी!" तिने लावले. त्यात एक म्हातारा गळ्यात 'शुभंकर' अशी पाटी घालून, दोन्ही हात वर करून, स्पष्ट आणि शुद्ध उच्चारात ओरडत होता: "ओहोटी! ओहोटी! ओहोटी!"

गंधार हसत राहिला. अबोली म्हणाली, "आता मी कध्धीच विसरणार नाही. ओहोटी म्हणजे पाणी वर येतं." निवेदिताने चित्रण मध्येच थांबवले. तिने आरशातून माझ्याकडे पाहिले आणि नजर खिडकीबाहेर वळवली.

त्या क्षणापर्यंत मला ठाऊक नव्हते. अजूनही आठवून पाहिले, तर माझ्या कानांत मी 'भरती'च म्हणालेला ऐकू येतो. त्या मासेमाऱ्याला मराठी येत नव्हते, म्हणून ती दोघे वाचली.

गेल्या दिवाळीत तुला फोनवर मी 'उद्या आलो होतो' असे म्हणालो होतो, आठवते? तू हसलीस. मी तुला विनोदच वाटू दिला. त्यानंतर सुमेधाकडे चष्मा मागताना मी छत्री मागितली. तिला वाटले, बाहेर जायचे असेल. येथे माझी चूक कोणाला चूक वाटतच नाही. अण्णा बोलले म्हणजे ते बरोबर. ऐकणाऱ्याचेच मराठी कच्चे.

या पत्रात एक शब्द मी इतका वेळ टाळला आहे. भीती. दोन्ही अक्षरांना दुसरी वेलांटी. मला भीती वाटते. शब्द विसरण्याची नव्हे. विसरलेला शब्द माणूस शोधतो. मला भीती वाटते ती चुकीचा शब्द पूर्ण खात्रीने उच्चारण्याची. चूक आतून बरोबर वाटत असेल, तर मी पहारा कोठे ठेवू?

म्हणून तुला लिहितो आहे. तू वसतिगृहात असताना तुझी पत्रे मी लाल शाईने तपासून परत पाठवीत असे, आणि तू म्हणायचीस, "अण्णा, तुला पत्र लिहिणे म्हणजे परीक्षा." आता माझी परीक्षा घे. हे पत्र मी एकटाकी लिहिले आहे आणि मुद्दाम परत वाचलेले नाही. जे चुकले असेल त्याखाली लाल रेघ ओढ आणि पत्र जसेच्या तसे मला परत पाठव. दया म्हणून एकही रेघ गाळू नकोस. मग ते घेऊन मी डॉक्टरकडे जाईन; शार्दूलला तसे आजच सांगणार आहे.

पण त्याआधी अबोली. काल तिने फ्रीजवर चिठ्ठी लावली आहे: 'ओहोटी, पाणी वर!' पुढच्या महिन्यात तिघे पुन्हा किनाऱ्याला निघणार आहेत आणि शुभंकराची जागा धरून ठेवली आहे. पाणी चढत असेल आणि कोणी 'ओहोटी' म्हणाले, तर ती पळेल. पण 'भरती' म्हणाले, तर ती खुशाल पुढे जाईल. ती चिठ्ठी माझ्या हस्ताक्षरात नाही, पण माझी आहे. ती मलाच काढली पाहिजे, आणि तिच्या देखत.

फाटकाशी तिची गाडी आली. चावीचा आवाज येतो आहे. येथल्या माओरी नमस्काराने हाक मारते आहे: "किया ओरा, शुभंकर!"

मी उठतो.

पत्राखाली लोक 'चूकभूल द्यावी घ्यावी' असे लिहितात. मी जन्मात कधी लिहिले नाही. चूक करायची आणि वर माफीही मागून ठेवायची, हे मला पटत नसे. आजही लिहीत नाही. चूकभूल देऊ नकोस, स्नेहलता. दाखव.

तुझा,
अण्णा