मधल्या बागेची वाटणी, फळीसकट

मी, खाली सही करणारी, वय त्र्याहत्तर, धंदा प्रदर्शनातल्या बागा आखण्याचा (आता निवृत्त, मत विचारलं तर अजून देते, न विचारलं तरी देते), हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते ते असे की,

माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी दोन ओळी लिहिल्या होत्या त्या मी काढायला लावल्या, कारण मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहायचं नसतं. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणू शकेल अशी एकच व्यक्ती जगात आहे, ती शेजारी राहते आणि माझ्याशी बोलत नाही.

यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत. ती मी सर्दीत लिहिली होती.

कलम १. राहतं घर, त्यातलं सामान आणि बँकेत जी काय शिल्लक असेल ती माझ्या पश्चात माझ्या चिरंजीवांना मिळावी. चिरंजीव मोठ्या इमारतींच्या वाहनतळांची आखणी करतात. पोरगा गुणी आहे, दर रविवारी न चुकता फोन करतो, पण मोकळी माती दिसली की त्याचे हात शिवशिवतात. गेल्या खेपेला आला तेव्हा मागच्या दारात उभा राहून म्हणाला, "आई, इथे मस्त फरशी घालून टाकू. पाणी नको, कापणी नको, कटकट नको. चार गाड्या आरामात बसतील."

मी म्हटलं, "कुणाच्या गाड्या?"

"कुणाच्याही," तो म्हणाला.

सबब, घर त्याचं, मागच्या दाराबाहेरची ती मधली बाग त्याची नाही. त्याने रुसू नये. रुसलाच तर सूनबाईंनी समजूत काढावी, त्यांना ती कला साधली आहे.

कलम २. सूनबाईंना माझं आखणीचं टेबल. त्याचा एक पाय आखूड आहे, तो तसाच राहू द्यावा. त्या पायाखाली आजवर ज्या ज्या घड्या घातल्या त्या सगळ्या नापसंत झालेल्या आराखड्यांच्या आहेत, आणि तिथे त्यांचा चांगला उपयोग झाला.

कलम ३. गवत कापायचं मोठं यंत्र खेळाच्या मैदानावरच्या हल्लीच्या माळ्याला द्यावं. ते मुळात आमच्या ह्यांचं. हे त्या मैदानाचे मुख्य माळी होते. थंडी सरली की हे घरचे राहत नसत. अख्ख्या मैदानाला काट्याने भोकं पाडायची, मेलेलं गवत विंचरून काढायचं, उघड्या जागी बी टाकायचं. संघाचे चिटणीस पहिला सामना कधी घ्यायचा म्हणून मागे लागले की हे म्हणायचे, "मैदान अजून झोपेतून उठलेलं नाही, साहेब. तोंड धुऊ द्या त्याला." ओल्या मातीवर पाय ठेवलेला ह्यांना खपत नसे, कारण माती दबली की मुळं गुदमरतात. फळी टाकायची आणि फळीवरून जायचं. लग्नानंतर ह्यांनी मला दिलेली पहिली भेट म्हणजे अशीच एक फळी. त्या दिवशी मी जेवले नाही. पुढे मात्र त्या फळीवाचून माझं पान हललं नाही. यंत्र माळ्याला द्यावं. फळी देऊ नये.

कलम ४. माझे गमबूट, जोड्या जितक्या सापडतील तितक्या, प्रदर्शनात कैक वर्षं आमच्या शेजारची जागा पटकावणाऱ्या त्या फवारेवाल्यास द्यावेत. या गृहस्थांनी आयुष्यात बिनफवाऱ्याची बाग आखली नाही. एका वर्षी त्यांचं तळं उद्घाटनाच्या आदल्या दिवशी फुटलं आणि आमच्या वाफ्यांत आलं. वर मला म्हणतात, "ताई, तुमच्या बागेला पाणी कमीच होतं." बूट त्यांच्या मापाचे नाहीत याची मला कल्पना आहे.

कलम ५. आता मुद्द्याचं. माझं घर आणि शेजारचं घर यांच्या मधली बाग, माझ्या एकटीच्या नावावर असलेली.

शेजारचं घर ह्यांच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे माझ्या नणंदेचं. मी त्यांना वन्सं म्हणते, त्या मला वहिनी म्हणत असत. प्रदर्शनाच्या बागा आम्ही दोघींनी मिळून केल्या. मी कागदावर बाग काढायची, वन्संनी ती मातीतून वर आणायची, आणि सगळी रोपं वाढायची या मधल्या बागेत. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: प्रदर्शनातली बाग म्हणजे रिकाम्या मैदानावर महिनाभर खपून उभी करायची, परीक्षकांनी घटकाभर बघायची, लोकांनी आठवडाभर फोटो काढायचे आणि मग आपल्याच हातांनी उपटून ट्रकमध्ये भरायची. अशा धंद्यात दोन माणसं इतकी वर्षं टिकली, म्हणजे बघा.

वन्संमध्ये खोड एकच. सही आधी, वाचन नंतर. एकदा प्रदर्शनाच्या अर्जावर अशीच सही ठोकली आणि आम्हाला जागा मिळाली ती स्वच्छतागृहांसमोर. मात्र आमच्या बागेपुढे त्या वर्षी जितकी रांग लागली तितकी कुणापुढेच लागली नाही.

भांडण झालं ते लिलीवरून. माझ्या आखणीत मधोमध पांढऱ्या लिलीची नदी होती. लिलीला ऊब दिली की कळी घाई करते, गारवा दिला की थांबते. परीक्षणाच्या आठवड्यात मला वाटलं, कळ्या मागे पडल्या. मी रोपांच्या शेडच्या एका अंगाला हीटर लावला. वन्संना वाटलं, कळ्या पुढे पळताहेत. त्यांनी दुसऱ्या अंगाच्या खिडक्या सताड उघडून ओली पोती टांगली. मला खिडकी उघडी दिसली की मी वाऱ्याला शिव्या घालून बंद करायची, त्यांना हीटर चालू दिसला की माझ्या विसरभोळेपणाला हसून त्या बंद करायच्या. एकमेकींना अवाक्षर सांगितलं नाही. तिला आधीच काय कमी व्याप आहेत, असा दोघींचाही विचार.

परीक्षणाच्या सकाळी नदीच्या एका काठावर लिली फुलून, माना टाकून, पाकळ्या गाळून बसली होती आणि दुसऱ्या काठावर कळ्या शेंगांसारख्या हिरव्यागार. आम्ही एकमेकींना नको नको ते बोललो. तेवढ्यात मुख्य परीक्षक आले, चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "एकाच फुलात जन्मापासून अखेरपर्यंत सगळं आयुष्य! ही कल्पना कुणाची?"

आम्ही दोघी एका सुरात म्हणालो, "माझी."

झालं! पाच मिनिटांपूर्वी ती चूक होती आणि समोरचीची होती. सुवर्णपदक जाहीर झाल्यावर ती कल्पना झाली आणि आपली झाली. ट्रक भरताना वन्सं म्हणाल्या, "यापुढे तुमच्या कल्पना तुम्हाला लखलाभ, वहिनी." ते शेवटचं वाक्य. हे त्याआधीच गेलेले, मध्ये पडणारं कुणी नव्हतं. तेव्हापासून पदक सहा महिने त्यांच्याकडे, सहा महिने माझ्याकडे. कुंडीत घालून मधल्या भिंतीवर ठेवायचं आणि आत निघून यायचं. वन्सं बागेत पाऊल टाकत नाहीत, पण वसंतात मी कामाला लागले की खिडकीत उभ्या राहतात आणि खाकरतात. एकदा खाकरल्या की समजायचं, गवत फार खाली कापलं. लागोपाठ खाकरल्या की काहीतरी उपटलं ते तण नव्हतं. मला राग यायचा, आणि खाकरणं ऐकू आलं नाही तर कामात लक्ष लागायचं नाही.

आता फळीवर गुडघा टेकला की उठवत नाही. गेल्या वर्षीपासून बाग अर्धी माझ्या हातून सुटली आहे. मी गेले की एका वसंतात तिथे फरशी येईल. वन्संच्या हातची लिली तिथे अजून दरसाल वर येते, ती त्या फरशीखाली जाईल, हा विचार मला सहन होत नाही. आणि लिहायचंच तर स्पष्ट लिहिते: मला वन्संची फार आठवण येते. भिंतीपलीकडे राहणाऱ्या माणसाची आठवण येणं हा काय प्रकार आहे, देव जाणे.

सबब, ती मधली बाग, फळीसकट, पदकासकट, माझ्या पश्चात वन्संना मिळावी. वकील म्हणाले, "त्या वयाने तुमच्याहून मोठ्या आहेत, हे व्यवहार्य नाही." मी म्हटलं, "तुम्ही वन्संना ओळखत नाही. त्या मला पुरून उरतील."

कलम ६. बाग घेणाऱ्याने वसंतात पुढीलप्रमाणे वागावं: माती हातात भुगा होत नाही तोवर पाय ठेवू नये. पहिली कापणी उंच ठेवावी. कडा फळीला लावून कापाव्यात, अंदाजाने नव्हे. लिलीपाशी खुरपं नेऊ नये.

जोड-कलम. (वकिलांचा विरोध असताना हाताने लिहिलं आहे.) आज दुपारी वकील आणि त्यांचे कारकून सह्यांसाठी आले. साक्षीदार दोन लागतात. वकिलांनी मला न विचारता शेजारच्या खिडकीतल्या बाईंना हाक मारली, "बाई, जरा सही कराल का? मजकूर वाचायची गरज नसते." मी चष्मा शोधून येते तोवर वन्सं मागच्या दारातून आत! मी सही केली. कारकुनांनी केली. वन्संनी माझ्याकडे न बघता केली, आणि मग खोडीप्रमाणे पानं उलटून वाचायला लागल्या. पाचव्या कलमावर खूप वेळ थांबल्या. मी चहाकडे बघत राहिले.

शेवटी वकिलांच्या लक्षात आलं. "अहो, वन्सं म्हणजे तुम्हीच का? मग ही साक्ष चालणार नाही. मिळकत घेणाऱ्याने साक्ष दिली तर त्याला दिलेलंच रद्द होण्याचा धोका असतो."

"म्हणजे सही ठेवली तर बाग गेली?" वन्संनी विचारलं.

"तसंच समजा."

वन्संनी कारकुनांच्या हातून पेन ओढून घेतलं आणि आपली सही अशी खोडली की कागद फाटला. नळदुरुस्तीवाला समोरच्या घरी आला होता, त्याला बोलावून आणलं. मग त्या माझ्याकडे वळल्या. "पहिली कापणी उंच म्हणजे किती उंच, वहिनी? गुडघाभर गवत ठेवलंय तुम्ही. आणि ती कल्पना तुमची नव्हती, माझीही नव्हती. लिलीची होती. तसं लिहा."

तसं लिहिलं आहे. चहा गार झाला, दुसरा टाकला. फळी बाहेर काढली आहे. नवीन साक्षीदारासमोर मी आणि कारकुनांनी पुन्हा सह्या केल्या.

लिहून ठेवणारी: सही

साक्षीदार १: वकिलांचे कारकून. सही

साक्षीदार २: शेजारीण. ~~सही~~

साक्षीदार ३: नळदुरुस्तीवाला. सही

स्थळ: मागचं दार, मधल्या बागेकडचं.

दिनांक: वकिलांच्या शिक्क्यात असेल तो. आमच्या लेखी, लिलीने माती फोडली तो दिवस.

समासातली नोंद, वेगळ्या हस्ताक्षरात: क्रमांक दोनची सही मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, आणि या खेपेला आधी वाचून खोडली आहे. बाग मला हवी आहे. पण घाई अजिबात नाही, वहिनी.