दाराजवळची खुर्ची

१ डिसेंबर १९८९, शुक्रवार

आजपासून कामाला लागलो. बरं वाटलं. एसटीच्या खोपट डेपोत एकतीस वर्षं कंडक्टरकी केली आणि मग दीड वर्ष घरी बसून बायकोच्या पायात पायात केलं. तुळसा म्हणते, तुम्ही घरात असलात की भांडीसुद्धा घाबरून वाजतात.

सहदेव म्हणजे आमच्या डेपोतल्या एका ड्रायव्हरचा मुलगा. डोंबिवली पश्चिमेला पिठाच्या गिरणीच्या वर त्याने व्हिडिओ हॉल काढलाय. मोठा कलर टीव्ही, खिडक्यांना काळे पडदे, तीस लोखंडी खुर्च्या. बाराचा खेळ आणि तीनचा खेळ. माझं काम दाराजवळ स्टुलावर बसायचं, माणसं आत सोडायची, बाहेर काढायची, कॅसेट लावायची. खाली गिरणी सुरू झाली की जमीन थरथरते. एसटीत बसल्यासारखं वाटतं. एकदम घरचं.

सहदेव दिवसा कंपनीत असतो म्हणून त्याने ही वही दिली. रोज किती डोकी आली आणि काय गडबड झाली ते लिहा म्हणाला. मी म्हटलं, चौथी शिकलोय, शुद्धबिद्ध मागू नको. चालत्या गाडीत उभ्याने लिहायची सवय आहे, तेवढंच. आणि माझा नियम एकच, चढले तेवढे उतरले पाहिजेत. आज त्रेचाळीस आत, त्रेचाळीस बाहेर.

घरी, दिवा स्टेशनजवळ, सातला पोचलो. घरात आम्ही पाच. मी, तुळसा, मुलगा उत्तम, सून शेवंती आणि नात. तुळसाने पाच ताटं मांडली आणि माझ्या ताटात वालाचं बिरडं जास्त वाढलं. म्हटलं, एवढं काय कौतुक. पण खाल्लं.

४ डिसेंबर, सोमवार

तीनच्या खेळाला रोज एकच पिच्चर का, ते आज कळलं. लोक दुसरं लावूच देत नाहीत. कोणीतरी आखातातून आणलेली कॅसेट. बोलणं इंग्रजीत, खाली अक्षरं अरबीत. हॉलमध्ये दोन्ही कोणाला येत नाही. नाव पण कोणाला माहीत नाय. सगळे म्हणतात खुर्चीचं पिच्चर.

नाताळाचा दिवस, बाहेर बर्फ. एक घर. बाप, आई, दोन मुली, आजी. जेवायला पाच माणसं आणि दाराजवळ सहावी खुर्ची मोकळी. कोणासाठी ते सांगत नाहीत. बाप बुटाची नाडी बांधायला त्या खुर्चीवर टेकतो. तेवढ्यात लाल कोटवाला एक जण आत येतो आणि बापाच्या जागेवर बसतो. त्याची पाठच दिसते, तोंड शेवटपर्यंत नाय. बाप लाकडं आणायला बाहेर जातो. मग दारावर थाप. आई उठते, कडीला हात घालते आणि टीव्हीवर मुंग्या. टेप संपली.

मी म्हटलं, झालं, चला. तर पंचवीस माणसं खुर्चीला चिकटून भांडतायत की पुढे काय झालं. अरे, टेप संपली म्हणजे पिच्चर संपलं. घरी जा.

७ डिसेंबर, गुरुवार

आता ही मंडळी ओळखीची झाली. चंदू कंपनीत रात्रपाळी करतो, झोपायच्या वेळेला इथे येतो. चौदा वेळा बघितलंय. त्याचं म्हणणं, लाल कोटवाला म्हणजे त्या घरातला मेलेला मुलगा. नंदा नर्स आहे, सकाळची ड्युटी संपवून येते. ती म्हणते, चंद्या, तुला सगळीकडे मढीच दिसतात. नाताळाला तो लाल कोटवाला काहीतरी भेट आणतो ना, मग याने काय आणलं? हात तर रिकामे. तर भेट म्हणजे तो स्वतःच. घराला जसा बाप हवा होता तसा बाप.

चंदू म्हणाला, मग माझ्या आईला पण एक चंदू पाठवायला सांग. हॉल हसला.

हौसाबाई कोळीण मासे विकून झाले की येते. पाटी मी बाहेर ठेवायला लावतो, वासाने लोक उठतात. ती म्हणाली, दमलेला मानूस हाय रं तो. नुसता बसाला आलाय. तिचा नवरा खाडीत गेला तो परत आला नाय, हे नंदाने मला नंतर हळूच सांगितलं.

सव्वीस आत, सव्वीस बाहेर.

१० डिसेंबर, रविवार

नवीन थेर. शेवटच्या रांगेतली दाराजवळची खुर्ची आता मोकळी ठेवायची म्हणे. पिच्चरमध्ये आहे तशी. हौसाबाईने डोक्यावरची, पाटीखालची कापडाची चुंबळ काढून तिच्यावर ठेवली, म्हणजे कोणी बसायचं नाय. रविवारची गर्दी, शहाडवरून आलेली माणसं भिंतीला टेकून उभी, आणि एक खुर्ची चुंबळीसाठी! मी ओरडलो. चंदू म्हणाला, कंडक्टर काका, रिझर्व्हेशन आहे. सगळे दात काढायला लागले.

घरी तुळसा गुडघा धरून बसलेली. डावा पाय घासत चालते हल्ली. डॉक्टरकडे चला म्हणाली. म्हटलं, तेल लाव. वयाला गुडघे दुखतातच, माझे नाय दुखत?

१४ डिसेंबर, गुरुवार

माझ्या स्टुलाचा पाय मोडला. गिरणीवाल्याकडे ठोकायला दिला. तीनचा खेळ उभ्याने काढणार होतो, पण एकतीस वर्षं उभा राहून माझे पण गुडघे गेलेत. चुंबळ उचलून खाली ठेवली आणि त्या खुर्चीवर बसलो. अंधारात कोणी बघितलं नाय. दहा मिनिटं बसलो असेन. डुलकी लागली.

सत्तावीस आत सोडलेले. बाहेर निघाले अठ्ठावीस.

पुन्हा आठवून मोजलं. अठ्ठावीसच. शेवटचा जिना उतरत होता त्याची पाठ बघितली. माझ्यासारखाच तपकिरी स्वेटर, मानेजवळ उसवलेला. नोकरीत एकदाही माझं डोकं चुकलं नाय. म्हातारपण, दुसरं काय.

१५ डिसेंबर, शुक्रवार

चहावाला आला, गिरणीवाल्याला चहा दिला, वर बघितलं आणि गेला. हाक मारली तर वळला नाय. बहिरा झाला वाटतं.

चुंबळ खाली पडलेली बघून हौसाबाईने विचारलं, कोण बसला? मी म्हटलं, मी बसलो, काय फाशी देणार? सगळे मागे वळून मला बघायला लागले. नंदाने विचारलं, घरी तुम्हाला ताट कोण वाढतं. हिला काय करायचंय.

सातला घरी पोचलो. पाच ताटं घासून पालथी घातलेली. तुळसा म्हणाली, आत्ताच तर जेवलात, परत बाहेर कधी गेलात? म्हटलं, चेष्टा नको, भूक लागलीय. ती म्हणाली, अहो, दोनदा भात मागून घेतलात.

चेष्टा करायची सवय नाय तिला. पाणी पिऊन झोपलो.

१७ डिसेंबर, रविवार

सकाळी तुळसा खुशीत. मला म्हणाली, काल तुम्ही माझ्याबरोबर बसून वाल सोललेत ना, मला बाई खरंच वाटेना. अडतीस वर्षांत पहिल्यांदा.

काल दिवसभर मी हॉलवर होतो. मी वाल सोलत नाय. माझी नखं दुखतात.

तिने पुढे सांगितलं की काल सकाळी ठाण्याला डॉक्टरकडे पण नेलंत, रिक्षाने, हाताला धरून. गोळ्यांचं पाकीट दाखवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं. मी नाय नेलं, असं ओठावर आलं ते गिळलं.

१९ डिसेंबर, मंगळवार

सहदेव हॉलवर आला. मी समोर उभा. त्याने चंदूला विचारलं की आजपासून दारावर कोण बसणार. गुणाजीकाका, म्हणजे मीच, काल त्याच्या घरी येऊन काम सोडतो म्हणून सांगून गेले, पेढे पण दिले, किती गोड बोलतात म्हणाला.

मी खांदा हलवला त्याचा. त्याने पडदा लागला असेल तसा खांदा झटकला.

चंदू माझ्याकडे बघत होता. म्हणजे त्याला दिसतो. ज्यांनी पिच्चर बघितलंय त्यांना दिसतो. ही वही आता कोण वाचणार, देव जाणे. सवयीने लिहितो.

२१ डिसेंबर, गुरुवार

आज पहिल्यांदा सगळं पिच्चर नीट बघितलं. लाल कोटवाला कोणाला मारत नाय, काही नाय. बसतो. आजीला भाकरी मोडून देतो. आई हसते. बाप असताना ती एकदाही हसत नाय — मी मोजलं.

नंदाचं बरोबर होतं. तिला तसं सांगितलं तर ती रडायला लागली. मी म्हटलं, रडू नको गं, डोकं उठतं.

घरी गेलो. दार बंद. आतून उत्तमने विचारलं कोण आहे. मी म्हटलं, मी. आत कोणीतरी म्हणालं, कोणी नाय रे, वारा आहे. आवाज माझा होता. पण मी असं शांतपणे कधी बोललो नाय.

हॉलवर येऊन झोपलो.

२३ डिसेंबर, शनिवार

ही माणसं आता पिच्चर बघत नाहीत, मला बघतात. कल्याणवरून नवीन चार आले. कोणी विचारतं भूक लागते का. कोणी हात लावून बघतं. चंदूने चुंबळ परत खुर्चीवर ठेवली आणि लोकांना सांगतो, इथे बसलेले.

दम लागलाय. भांडायला पण जोर नाय.

त्यांचा वाद चालूच. चंदू म्हणतो, थाप मारली की आई दार उघडते आणि तिला कोणी दिसत नाय. नंदा म्हणते, नाय, दिसतात, दोघे दिसतात, मग तिला एकाला निवडावं लागतं. हौसाबाई म्हणाली, दादा, यांचं नको ऐकू. बायकोला नावानं हाक मार. नावानं हाक मारशील तर वळखंल.

अडतीस वर्षांत नावाने हाक मारली नाय. अगं ए — बस. वहीत लिहितो, तोंडाने नाय.

२४ डिसेंबर, रविवार

चंदूने विचारलं, उद्या नाताळ, पिच्चरमधलाच दिवस, तुम्ही घरी जाणार ना. मग आम्ही येतो बरोबर. लांब उभे राहू. काका, टेप तिथेच तुटलीय हो, शेवट कोणालाच माहीत नाय —

माझं घर. ह्याला शेवट बघायचाय.

मारायला हात उचलला. उचललेला हात तसाच खाली आला.

२५ डिसेंबर, सोमवार. दुपार

दिव्याला. घराच्या पायरीवर बसून लिहितोय. लख्ख ऊन. नळाजवळ ते सगळे उभे, वीसेक. नंदाने तोंडावर पदर धरलाय. हौसाबाई हाताने खूण करते — बोल, बोल.

आत ताटं मांडतायत. ऐकून मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. बरोबर पाच. सहावं नाय.

तुळसा हसली. मोठ्याने. मला वाटलेलं तिला असं हसता येत नाय.

उठून जावं, असं पण वाटतंय. तिला गोळ्या मिळतायत. वाल सोलायला माणूस आहे. मी गेलो तर काय बिघडतं —

नाय. माझं घर आहे. आत गेलो की आधी गुडघ्याचं विचारायचं. मग बाकीचं.

थाप मारली.

हाक मारली. तुळसा. आवाज फाटला, पण मारली. परत मारली.

आतलं हसणं थांबलं.

चंदू पुढे सरकलाय. सगळे सरकलेत — मागे श्वास ऐकू येतो —

कोणीतरी उठलं. पावलं येतायत. तुळसाच येणार. तिचं पाऊल मी ओळखतो, डावा पाय घासत —

घासत नाय. सरळ येतंय पाऊल.

गुडघा बरा झाला असेल तिचा. डॉक्टरकडे नेलेलं ना. म्हणजे ही तीच, की तो —

कडी वाजली. मी उभा राहून लिहि