मूळ फोटोला हात लावू नये

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

सुरुचीने आज मला काम दिलं! जेवताना लॅपटॉप ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाली, "आई, आमच्या कंपनीच्या टूलचं डॉक्युमेंटेशन लिहिशील? प्लीज यार." आईला यार म्हणते. दिल्लीत वाढलेली पोर, काय बोलणार!

टूल फोटोंचं. एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात बदलतं, आकार लहान-मोठा करतं. कोण वाचणार म्हटलं, तर म्हणे माणसं नाहीच — एआय एजंट. आपण नुसतं सांगायचं, "हे फोटो वेबसाइटसाठी तयार कर." मी लिहिलेली माहिती वाचून टूल तो एजंट चालवणार.

सगळी नोकरी सरकारी फायलींचा अनुवाद करण्यात गेली. ऑगस्टमध्ये निवृत्त झाले. मी लिहिलेलं शेवटपर्यंत वाचणारा कोणीतरी मिळाला, तर तो हा!

मंगळवार, ४ नोव्हेंबर

मी लिहिलं, "फोटोचा दर्जा आकड्यात द्यावा." एजंटने दिला ०.८! टूलला हवा होता ८०. फोटोचे नुसते चौकोन झाले.

"फारच पुसट आलाय गं."

"पुसट म्हणजे?"

"धुंधला."

"अच्छा!"

दुरुस्त केलं — एक ते शंभरमधली पूर्ण संख्या, उदाहरणार्थ ८०. सुरुचीचे बाबा, विनायक, मागून डोकावले. "म्हणजे आता तू यंत्राची मास्तरीण." स्वतःच हसले. मग मीही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज वाजलं आमचं. पारदर्शक पार्श्वभूमीचा लोगो जेपीजी केला तर मागे काळंकुट्ट! का? जेपीजीत पारदर्शकपणा टिकतच नाही. मग रंग कुठला भरायचा, हे कोण सांगणार? तेही लिहिलं.

मग "मूळ फाइल बदलू नये" असंही लिहिलं आणि विचारलं, "बदललेले फोटो ठेवायला नवा फोल्डर सांगितलाच नाही तर?"

"तर टूल मूळ फाइलवरच लिहितं. पण एजंट इतका बुद्धू नाही, आई. ते वाक्य नको, उगाच लांबतंय."

"तुला कसं माहीत?"

"किती प्रश्न विचारतेस!"

पण खुर्ची ओढून जवळ बसली. वाक्य मात्र काढायला लावलंच.

शनिवार, ८ नोव्हेंबर

झालं! चाचणीसाठी खरे फोटो हवे होते. तिच्या लहानपणीचा अल्बम मी मागे स्कॅन करून ठेवला होता, तोच दिला. सुरुचीने एजंटला सांगितलं, "सगळे छोटे कर." त्याने केले — मूळ फाइलींवरच. सगळं बालपण तिकिटाएवढं! दुसरी प्रत नाही.

पोरगी रडायला लागली. एवढी मोठी बाई. "तू म्हणाली होतीस, आई. मी ऐकलं नाही."

"अगं, अल्बम कपाटात आहे. कपाटात नाही ना शिरला तुझा एजंट?"

रडता रडता हसली.

रविवार, ९ नोव्हेंबर

बाहेर दिल्लीचा नेहमीचा धूर, खिडक्या बंद. दिवसभर दोघी जमिनीवर बसून पुन्हा स्कॅन करत होतो. प्रत्येक फोटोला तिचा प्रश्न. कोपर्निकस मार्गावरच्या मराठी मंडळींच्या गणपतीत नऊवारी नेसून भोकाड पसरलेली ती — "का रडतेय मी?" मोदक कुणाला तरी देऊन टाकलास आणि मग परत हवा झाला म्हणून! ती मावशी कोण, ही स्कूटर कुणाची, बाबांना खरंच इतके केस होते?

बारावीनंतर ती माझ्यापाशी इतका वेळ बसली नव्हती. बोलून बोलून घसा बसला. विनायकांनी न सांगता चहा केला — दोनदा!

सोमवार, १० नोव्हेंबर

आता अगदी पहिलं वाक्य तेच. मूळ फाइल कधीही बदलू नये. नवा फोल्डर सांगितला नसेल तर थांबून विचारावं. सुरुचीने स्वतः टाइप केलं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

दुपारी मेथी निवडत होते. सुरुचीचा फोन — ओरडतच होती! आज एका संग्रहालयाला टूल दाखवायचं होतं. जुन्या चित्रांचे स्कॅन. तिथल्या अधिकारी बाईंनी एजंटला आज्ञा दिली, फोल्डर सांगायला विसरल्या. सगळे श्वास रोखून. आणि एजंट थांबला! म्हणाला, मूळ फाइली बदलतील, नवा फोल्डर करू का?

"आई, त्याने विचारलं! त्याने विचारलं!"

संग्रहालयाने तिथल्या तिथे होकार दिला. कंपनीला आता बाकीच्या टूल्सचंही असंच हवंय, माझ्याकडूनच. मेथी तशीच राहिली. रात्री पिठलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सुरुचीचा ऑफिसातला मित्र वेदांत जेवायला आला होता. तिसरी पोळी घेताना सहज बोलून गेला — "आंटी, शुरू में तो ये डॉक्युमेंटेशन किसी ने माँगा ही नहीं था. सुरुची बोली, मम्मी रिटायर होने के बाद बात ही नहीं करतीं, घर में कुछ ऐसा लाना है कि वो सवाल पूछें."

सुरुचीने टेबलाखालून त्याला लाथ मारली. मला लागली.

मी त्याला चौथी पोळी वाढली, आणि तिच्या पोळीवर तूप.